संघाचे वय कोठून मोजायचे? मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा इतिहास आणि आमची स्मरणिका

प्रश्न : विश्रामबागकर (सांगली)

सर्वांना सप्रेम नमस्कार.

आमच्या क्रीडा मंडळाची स्मरणिका काढण्याचे काम यंदा माझ्याकडे आले आहे आणि पहिल्याच पानावर घोडे अडले आहे. मंडळाचे वय किती, यावर समितीत दोन तट पडले आहेत. कबड्डीचा पहिला सामना झाला तेव्हा मंडळाची नोंदणी नव्हती. नोंदणी झाली तेव्हा नाव निराळे होते. पुढे मैदानही बदलले. त्यातच २०१९ च्या महापुरात दप्तराचे कपाट पाण्याखाली गेले. जुन्या हजेरीपटाची पाने एकमेकांना चिकटली असून एका पानावरची शाई समोरच्या पानावर उलटी उमटली आहे, त्यामुळे कागदाचा आधारही तोकडाच.

समितीतील एका ज्येष्ठ सभासदांनी गेल्या बैठकीत कॅनडातील 'मॉन्ट्रियल कॅनेडियन्स' या आइस हॉकी संघाचे उदाहरण दिले. हा संघ १९०९ चा, आणि तो ज्या 'नॅशनल हॉकी लीग'मध्ये खेळतो ती लीग १९१७ ची, म्हणजे संघ लीगपेक्षा जुना, असे त्यांचे म्हणणे होते. मला प्रश्न पडला तो असा की, शंभराहून अधिक वर्षांत मालक, मैदान, लीग आणि खेळाडूंच्या कित्येक पिढ्या बदलल्यावरही तो 'तोच संघ' कशाच्या बळावर म्हणायचा? या संघाचा इतिहास ज्यांनी बारकाईने वाचला आहे, त्यांनी त्यातील महत्त्वाचे टप्पे सांगावेत. नुसती चषकांची यादी नको. ती कोठेही मिळते.

प्रतिसाद : कऱ्हाडचा प्रेक्षक

विश्रामबागकर साहेब, तुमच्या वादाला याहून चपखल उदाहरण मिळणे अवघड आहे, कारण या संघाने जिंकलेला पहिलाच सामना पुढे हिशेबातून वगळला गेला.

१९०९ च्या अखेरीस तिकडच्या काही संघचालकांनी 'कॅनेडियन हॉकी असोसिएशन' नावाची नवी संघटना काढली आणि मॉन्ट्रियलच्या वाँडरर्स या नावाजलेल्या संघाला तिच्याबाहेर ठेवले. वाँडरर्सच्या नव्या मालकाला आपले सामने ज्युबिली रिंक या लहान जागेत न्यायचे होते, आणि जागा लहान झाली की तिकिटांच्या पैशातला पाहुण्या संघाचा वाटाही लहान होतो, हे त्यामागचे खरे दुखणे होते. त्याच सुमारास ऑन्टॅरिओतील रेनफ्रू गावच्या संघासाठी प्रवेश मागायला ॲम्ब्रोज ओब्रायन आला होता. खाणी आणि रेल्वेची कंत्राटे यांवर श्रीमंत झालेल्या घराण्यातला हा तरुण. त्यालाही नकार मिळाला. नाकारलेली ही मंडळी मॉन्ट्रियलच्या विंडसर हॉटेलात एकत्र बसली आणि २ डिसेंबर १९०९ रोजी त्यांनी 'नॅशनल हॉकी असोसिएशन' ही स्वतःची संघटना उभी केली. दोन दिवसांनी, ४ डिसेंबरला, ओब्रायनच्याच पैशावर मॉन्ट्रियलमधील फ्रेंच भाषकांसाठी एक संघ काढण्यात आला. तोच हा कॅनेडियन्स. पैसा परगावच्या इंग्रजी भाषक माणसाचा, खेळाडू गोळा करण्याची जबाबदारी जाक लाव्हिओलेत या खेळाडूवर, आणि बोली अशी की योग्य फ्रेंच मालक मिळताच संघ त्याच्या हवाली करायचा.

५ जानेवारी १९१० रोजी ज्युबिली रिंकवर कोबाल्टच्या संघाविरुद्ध पहिला सामना झाला आणि कॅनेडियन्सने तो जादा वेळेत ७-६ असा जिंकला. दहाच दिवसांत पलीकडची संघटना मोडली, तिच्यातील ओटावा आणि शॅमरॉक्स हे दोन संघ इकडे आले, वेळापत्रक नव्याने आखले गेले आणि तोवर झालेले निकाल हिशेबातून काढून टाकले गेले. नव्या वेळापत्रकात संघाने बारापैकी दोन सामने जिंकले आणि तो तळाला राहिला. पहिला गोल करणारा न्यूसी लालोंद तर त्याच हंगामात ओब्रायनच्या रेनफ्रू संघाकडे रवाना झाला. मालकाचे दोन संघ असले म्हणजे आवडता कोणता आणि नावडता कोणता, हे लपून राहत नाही.

पुढचा मालक आपल्याकडच्या वाचकांना ओळखीचा वाटेल. जॉर्ज केनेडी हा स्वतः कुस्तीगीर होता आणि कुस्त्यांचे फड भरवणे हा त्याचा व्यवसाय होता. 'कनाडियँ' (कॅनेडियन्सचा फ्रेंच उच्चार) हे नाव आपल्या व्यायाम क्लबाचे आहे, असा दावा त्याने केला आणि १९१० मध्ये ७,५०० डॉलरना संघ घेतला. त्याच्याच काळात, १९१६ साली, पोर्टलंडला हरवून संघाने पहिला स्टॅनले चषक, म्हणजे या खेळातला सर्वोच्च चषक, मिळवला. नॅशनल हॉकी लीगचा जन्मही पुन्हा त्याच विंडसर हॉटेलात, २६ नोव्हेंबर १९१७ रोजी झाला, आणि त्यामागचा हेतूही जुनाच होता. टोरंटोचे भांडखोर मालक एडी लिव्हिंगस्टन यांच्यापासून बाकीच्यांना सुटका हवी होती. म्हणून सगळ्यांनी मिळून जुनी संघटना मागे टाकली आणि त्यांना वगळून नवी काढली.

त्यानंतरची काही वर्षे फार वाईट गेली. २ जानेवारी १९१८ रोजी वेस्टमाउंटचे मॉन्ट्रियल अरीना जळाले. वाँडरर्सने तेथेच हात टेकले आणि तो संघ कायमचा संपला. त्याच जागेत खेळणारे कॅनेडियन्स मात्र ज्युबिली रिंकवर परतले. पुढच्याच वर्षी तीही जागा जळाली. १९१९ च्या वसंतात सिॲटलला अंतिम फेरी चालू असताना स्पॅनिश फ्लूने संघ गाठला. पाच सामन्यांनंतर दोन्ही बाजूंचे दोन-दोन विजय आणि एक बरोबरी अशी स्थिती होती, आणि निर्णायक सामना खेळायला कॅनेडियन्सकडे धड उभे राहू शकणारे खेळाडूच उरले नाहीत. स्पर्धा सोडून द्यावी लागली. बचावपटू जो हॉल ५ एप्रिलला सिॲटलमध्येच वारला. केनेडीही त्या आजारातून पुरता सावरला नाही. १९२१ मध्ये तो गेला आणि लिओ दाँदुराँ व त्याच्या दोन भागीदारांनी ११,००० डॉलरना संघ विकत घेतला.

या साऱ्या पडझडीत एक माणूस मात्र जागचा हलला नाही, तो म्हणजे शिकुटिमी गावचा गोलरक्षक जॉर्ज व्हेझिना. डिसेंबर १९१० पासून पंधरा वर्षे त्याने संघाचा एकही सामना चुकवला नाही. २८ नोव्हेंबर १९२५ रोजी तो अंगात ताप घेऊन उतरला, पहिल्या सत्रानंतर कोसळला, आणि क्षयाने पुढच्या मार्चमध्ये त्याचा मृत्यू झाला. लीगमधल्या सर्वोत्तम गोलरक्षकाला आजही त्याच्याच नावाचा करंडक देतात.

मालक कुस्तीचा, जागा जळालेल्या, लीग दुसरीच, आणि तरीही मॉन्ट्रियलच्या फ्रेंच वस्तीतला माणूस 'आमचा संघ' म्हणून तिकीट काढत राहिला. संघ 'तोच' राहिला तो या माणसामुळे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद : मिरजवाले

कऱ्हाडकरांनी फार मेहनतीने लिहिले आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. केवळ प्रेक्षकांच्या मायेवर संघ शंभर वर्षे तगला असता, तर १९३५ साली तो क्लीव्हलंडला विकण्याची बोलणी झालीच नसती. मंदीमुळे स्टेडियम ओस पडत होते, आणि शहरात इंग्रजी भाषकांचा मरून्स हा दुसरा संघ होता. ज्या 'फोरम' या वास्तूचे नाव कॅनेडियन्सशी कायमचे जोडले गेले, ती मुळात या मरून्ससाठी १९२४ मध्ये बांधली होती! कॅनेडियन्सने तेथे पहिला सामना खेळला तो निव्वळ योगायोगाने. त्यांच्या स्वतःच्या माउंट रॉयल अरीनात नैसर्गिक बर्फ वापरत असत, त्या नोव्हेंबरात थंडी पडली नाही म्हणून बर्फच धरेना, आणि फोरममध्ये यंत्राने गोठवलेला बर्फ तयार होता. अखेर स्थानिक मंडळींच्या गटाने संघ घेतला, तो मॉन्ट्रियलमध्येच राहिला, आणि १९३८ मध्ये मरून्सच बंद पडला. एका शहरात दोन संघ पोसण्याइतका पैसा नव्हता, हे त्याचे सरळ कारण.

त्यानंतर या संघाला ज्यांनी मोठे केले ते कार्यालयात बसणारे दोन व्यवस्थापक होते, आणि स्मरणिका लिहिणाऱ्यांनी अशा माणसांकडे काणाडोळा करू नये, कारण छायाचित्रात ते कधीच पुढच्या रांगेत नसतात. पहिले फ्रँक सेल्के, जे १९४६ मध्ये टोरंटोहून आले आणि त्यांनी देशभर कनिष्ठ संघांचे जाळे विणले. जाँ बेलिव्हो या तरुणाचे हक्क कॅनेडियन्सकडे होते, पण क्वेबेक शहरातील हौशी म्हणवणाऱ्या संघात त्याला उत्तम मानधन आणि मान मिळत असल्यामुळे तो मॉन्ट्रियलला यायला तयार नव्हता. तेव्हा कॅनेडियन्सने तो ज्या लीगमध्ये खेळत होता ती अख्खी लीगच विकत घेतली आणि तिला व्यावसायिक ठरवले. १९५३ मध्ये बेलिव्होला सही करण्यावाचून गत्यंतर उरले नाही. पुढे १९५६ ते १९६० असे सलग पाच चषक आले.

दुसरे सॅम पोलॉक, आणि त्यांची गी लाफ्लर या खेळाडूची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. फ्रेंच खेळाडूंवर कॅनेडियन्सला काही काळ पहिला हक्क होता. तो १९६९ मध्ये शेवटचा वापरला गेला आणि पुढच्याच वर्षी झिल्बेर पेरो हा गुणी खेळाडू बफलोकडे गेला. १९७१ च्या नवोदितांच्या निवडीत लाफ्लर येणार हे सर्वांना दिसत होते. त्या काळी या निवडीत सर्वांत तळाच्या संघाला पहिली संधी मिळत असे, म्हणून पोलॉकने कॅलिफोर्नियाच्या दुबळ्या संघाकडून वर्षभर आधीच त्यांची १९७१ ची पहिली निवड अदलाबदलीत घेऊन ठेवली. हंगामात मात्र लॉस एंजेलिसचा संघ त्यांच्याहूनही खाली घसरू लागला. तेव्हा पोलॉकने आपला अनुभवी राल्फ बॅकस्ट्रॉम लॉस एंजेलिसला देऊन टाकला. तो संघ वर सरकला, कॅलिफोर्निया तळाला गेला आणि लाफ्लर मॉन्ट्रियलला आला. बॅकस्ट्रॉमला पाठवण्यामागे हाच डाव होता, असे तिकडे आजवर सांगतात. प्रशिक्षक स्कॉटी बोमन यांच्या हाताखालील त्या संघाने १९७६-७७ च्या ८० सामन्यांत ६० जिंकले, १२ बरोबरीत सोडवले आणि अवघे ८ गमावले. ही किमया प्रेक्षकांच्या टाळ्यांची नव्हे.

ता. क. : हजेरीपटाची पाने ओढून सोडवू नका. उलट्या उमटलेल्या शाईचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन ते आडवे पलटवले, तर अक्षरे सुलट वाचता येतात.

विश्रामबागकर

मिरजवाले, छायाचित्राची युक्ती उद्याच करून पाहतो, मनापासून आभार. दोघांच्याही लिहिण्यात १९५५ च्या दंगलीचा उल्लेख नाही. आमच्या ज्येष्ठ सभासदांनी त्या संघाचा इतिहास म्हणजे ती दंगल, अशाच सुरात सांगितले होते. ती घटना खरोखर एवढी मोठी आहे काय?

प्रतिसाद : माहुलीची वाचक (सातारा)

मोठी आहे, आणि तिच्याशिवाय वरच्या दोन्ही प्रतिसादांतला वाद सुटणारही नाही, असे मला वाटते.

कॅनेडियन्सचा खेळाडू मोरीस रिशार हा मॉन्ट्रियलच्या कामगार कुटुंबातला मुलगा. १९४४-४५ च्या हंगामात त्याने ५० सामन्यांत ५० गोल केले. असे त्यापूर्वी कोणीही केले नव्हते. त्या काळी शहरात बहुसंख्य लोक फ्रेंच भाषक होते, परंतु मोठे उद्योग, बँका आणि वरच्या जागा बहुतांशी इंग्रजी भाषकांच्या हाती होत्या. लीगचे अध्यक्ष क्लॅरन्स कॅम्पबेल हेही इंग्रजी भाषक, आणि त्यांचे कार्यालय मॉन्ट्रियलमध्येच होते.

१३ मार्च १९५५ रोजी बॉस्टनमध्ये एका प्रतिस्पर्ध्याची स्टिक रिशारच्या डोक्याला लागून रक्त आले. त्याने त्या खेळाडूवर स्टिकने हल्ला केला आणि आवरायला आलेल्या पंचालाही ठोसे लगावले. त्याची चूक होती यात शंका नाही. त्याला शिक्षा व्हायलाच हवी होती. कॅम्पबेल यांनी मात्र उरलेला हंगाम आणि त्यानंतरची बाद फेरी अशी दोन्हींतून त्याला बाहेर केले. १७ तारखेला डेट्रॉइटविरुद्धचा सामना फोरममध्ये होता आणि धमक्या येत असतानाही कॅम्पबेल पहिल्या सत्रात येऊन आपल्या नेहमीच्या जागेवर बसले. लोकांनी त्यांच्यावर अंडी आणि टोमॅटो फेकले. मग जवळच अश्रुधुराची नळकांडी फुटली, अग्निशमन प्रमुखांनी इमारत रिकामी करायला लावली आणि ४-१ ने पुढे असलेल्या डेट्रॉइटला सामना बहाल करण्यात आला. बाहेरच्या जमावाने सेंट कॅथरीन रस्त्यावरील दुकानांच्या काचांचा चुराडा केला. दुसऱ्या दिवशी रिशारने स्वतः रेडिओवरून शांततेचे आवाहन केले, तेव्हा शहर थंडावले.

मला यातला खरा बोलका भाग वेगळाच वाटतो. हंगामाच्या खेळाडूंच्या वैयक्तिक गुणतक्त्यात रिशार पहिला होता आणि तो मान त्याला आयुष्यात एकदाही मिळालेला नव्हता. त्याच्या गैरहजेरीत त्याचाच सहकारी बर्नार जोफ्रियाँ एका गुणाने पुढे गेला, ७५ विरुद्ध ७४, आणि आपल्याच संघासाठी गोल करणाऱ्या, फ्रेंच भाषक असलेल्या या खेळाडूची आपल्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. कऱ्हाडकर ज्या प्रेक्षकाचे गुणगान करतात, तो प्रेक्षक असाही असतो. त्याला खेळाचे नियम, संघाचे हित आणि न्यायअन्याय यांतले काहीच दिसेनासे होते.

पुढच्या दशकात मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्वेबेकमध्ये जे मोठे राजकीय आणि सामाजिक परिवर्तन झाले, त्याची ठिणगी याच रात्री पडली असे अनेकजण लिहितात. मला ते जरा ताणल्यासारखे वाटते, कारण त्या परिवर्तनाला शिक्षण, चर्चचा प्रभाव, वीजउद्योग अशी कितीतरी कारणे होती. परंतु संघाच्या बाबतीत एवढे निश्चित म्हणता येते की, त्या रात्रीनंतर हा संघ विकत घेणाऱ्या प्रत्येकाला फ्रेंच भाषकांचा संघ सांभाळण्याची जबाबदारी ओळखूनच व्यवहार करावा लागला. मिरजवाल्यांच्या व्यवस्थापकांना लाफ्लर हवा होता तो गोल करतो म्हणून, हे खरेच. पण तो फ्रेंच भाषक होता म्हणूनही तितकाच हवा होता. मे २००० मध्ये रिशार गेला तेव्हा त्याच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले.

प्रतिसाद : कऱ्हाडचा प्रेक्षक

माहुलीच्या ताईंचे म्हणणे मान्य. जोफ्रियाँची हकीकत मी मुद्दामच टाळली होती, कारण ती माझ्या मुद्द्याला अडचणीची होती. तरीही एक विचारतो : दुकानांच्या काचा फोडणारा तो प्रेक्षक पुढच्या हंगामात परत आलाच ना? मग टिकवले कोणी?

प्रतिसाद : हरिपूरकर

थोडक्यात दोन गोष्टी.

चषकांची यादी नको असे विश्रामबागकरांनी म्हटले आहे, पण कॅनेडियन्सच्या एकूण स्टॅनले चषकांचा २४ हा आकडा स्मरणिकेत उदाहरणादाखल येणारच असेल, तर तो फोडून लिहावा. १९४२ पूर्वीचे चार, त्यांतला १९१६ चा तर लीगच्याही आधीचा. १९४२ ते १९६७ या पाव शतकात लीगमध्ये अवघे सहा संघ उरले होते, तेव्हाचे दहा. लीगचा विस्तार झाल्यानंतर १९६८ ते १९९३ या काळातले दहा. आज लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि १९९३ नंतर कॅनेडियन्सला एकही चषक मिळालेला नाही. २०२१ मध्ये ते अंतिम फेरीत पोहोचले आणि टँपा बेकडून हरले. सहा संघांत जिंकणे आणि बत्तीस संघांत जिंकणे यांची एकाच आकड्यात मोट बांधू नये.

उतरणीला लागण्याची तारीखही बरीचशी ठाऊक आहे. २ डिसेंबर १९९५ रोजी डेट्रॉइटने त्यांना घरच्या बर्फावर ११-१ असे झोडपले. प्रशिक्षकाने गोलरक्षक पॅट्रिक रुआ याला नऊ गोल होईपर्यंत बाहेर काढले नाही. १९८६ आणि १९९३ चे चषक ज्याच्या जिवावर आले तो हा माणूस, बाहेर येताच थेट संघाच्या अध्यक्षांकडे गेला आणि मॉन्ट्रियलसाठी हा माझा शेवटचा सामना, असे सांगून मोकळा झाला. चार दिवसांत त्याला कोलोरॅडोला पाठवले, आणि त्या हंगामाचा चषक कोलोरॅडोनेच जिंकला. त्याच हंगामात, मार्च १९९६ मध्ये, फोरमही सोडले. म्हणजे व्यवस्थापन संघ घडवते हे मिरजवाल्यांचे म्हणणे खरे मानले, तर तो बिघडवण्याचे श्रेयही त्यालाच द्यावे लागेल.

आता मूळ प्रश्न. कॅनेडियन्सने आपली शंभरी ४ डिसेंबर २००९ रोजी साजरी केली आणि त्या दिवशी बॉस्टनला ५-१ असे हरवले. त्यांनी केनेडीने संघ घेतल्याची तारीख धरली नाही, लीगच्या स्थापनेची धरली नाही आणि पुसल्या गेलेल्या पहिल्या सामन्याचीही धरली नाही. ज्या दिवशी संघ काढण्याचे ठरले, तो दिवस धरला. तुमच्या मंडळाच्या बाबतीत असा ठराव किंवा वर्गणीची पहिली पावती सापडली, तर तेच साल मुखपृष्ठावर घ्यावे आणि नोंदणीचे साल आत द्यावे. ती सापडली नाही, तर पहिल्या सामन्याचे साल घ्या. मात्र त्याखाली आधार कशाचा आहे, एखाद्या वृत्तपत्राचा की कोणाच्या आठवणीचा, ते स्पष्ट छापा.